आग शेजाऱ्याची, बादली कोणाची?



व्याख्यानमालेच्या मंडळींनी फोन करून विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितलं, "गावातली आग आणि ती विझवणारी माणसं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "सर, पण तुमचा विषय तत्त्वज्ञान ना?" त्यांचं काही चुकलं नाही. आयुष्यभर आम्ही तत्त्वज्ञानच शिकवलं. पण नीतिशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहायचो. शेजाऱ्याचं घर जळतंय. आपण धावलो, तर तो उपकार झाला की आपण देणं फेडलं? मुलं वर्षानुवर्षं "उपकार" म्हणायची. आम्हीही पुष्कळ वर्षं तसंच मानत होतो. आज ते तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते इतिहासाच्या आधाराने सांगायचं आहे.

एप्रिल महिना आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापूसही होता आणि स्फोटकेही होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्याच तारखेला आपण आणखी एक गोष्ट साजरी करतो, बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. या दोन आठवणींचा संबंध काय, असं कोणी विचारलं तर योगायोग एवढंच उत्तर द्यावं लागेल. पण आमच्या विषयात त्या दोन्ही एकत्र येतात. ते कसं, हे व्याख्यानाच्या शेवटाकडे पाहू.

गोदीत निदान बंब होते, जवान होते. खेड्यात काय असतं? खेड्यात शेजारी असतात. म्हणून आधी आमच्याच गावाची एक गोष्ट सांगतो.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू, म्हणजे साधारण १९६० चा सुमार. चैत्र संपत आला होता. ज्वारीची मळणी झाली होती आणि खळ्याच्या कडेला आमच्या चुलत्यांच्या कडब्याच्या दोन गंजी रचलेल्या होत्या. भर दुपारी हाकाटी झाली. कोणाच्या चिलमीची ठिणगी की चुलीतला निखारा, ते कधी कळलं नाही. विहीर खळ्यापासून दीडदोनशे पावलांवर. माणसं धावली. घागरी, कळशा, पोहरे, जे हाताला लागेल ते घेऊन रांग धरली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले लोकही धावत आले, आमच्या गल्लीतल्या काही जणांच्या आधी आले. तेव्हा आमचे आजोबा ओरडले, "तुमी मातीचं बघा, पान्याचं आमी बघतो!"

कोणी काही बोललं नाही. ती माणसं पाट्या घेऊन माती टाकू लागली. पाण्याच्या रांगेत वीसेक जण, तेही एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर. म्हणजे भरलेली घागर घेऊन प्रत्येकाला पळावं लागत होतं, निम्मं पाणी वाटेत सांडत होतं. आणि तीसेक धडधाकट माणसं बाजूला माती टाकत होती. पेटलेल्या गंजीवर पाटीभर मातीने काय होणार? दोन्ही गंजी गेल्या, वाऱ्याने गोठा पेटला आणि एक बैल दावणीलाच गेला.

लहानपणी त्यात आम्हाला काही खटकलं नाही. आजोबांनी कामं वाटून दिली, एवढंच वाटलं. हिशेब पुष्कळ वर्षांनी लागला. वीस अधिक तीस म्हणजे पन्नास. पन्नास जण तीन-चार पावलांवर उभे राहिले असते, तर घागर हातोहात गेली असती, पळावं लागलं नसतं. विटाळ सांभाळला आणि बैल घालवला. हे आमच्याच घरात झालं, म्हणून आधी आमच्याच घराचं सांगितलं.

आता जरा मागे जाऊ. आग सगळ्यांची, मग ती विझवायचं काम कोणाचं, हा प्रश्न माणसानं निरनिराळ्या काळात निरनिराळ्या रीतीने सोडवला आहे.

पहिलं उत्तर आपल्याकडचं, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं. नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना तिथे आगीबद्दल तपशीलवार नियम दिले आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या प्रहरांत घरात विस्तव पेटवला तर दंड. स्वयंपाक करायचाच असेल तर बाहेर करावा. प्रत्येक घरी पाण्याच्या पाच घागरी, रांजण, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातडी पखाल अशी साधने हवीत. नसली तर दंड. गवताने शाकारलेली छपरे काढून टाकावीत. विस्तवावर काम करणाऱ्या कारागिरांना एका ठिकाणी वसवावे. रस्त्यांवर, चौकांत, दरवाजांपाशी पाण्याने भरलेली भांडी ओळीने मांडून ठेवावीत. आणि खेड्यांसाठी वेगळ्या प्रकरणात सांगितले आहे की गावकऱ्यांनी उन्हाळ्यात चूल घराबाहेर मांडावी. हे वाचताना आम्हाला आमची आजी आठवते. तिनं अर्थशास्त्राचं नावही ऐकलं नव्हतं, पण फाल्गुन लागला की चूल परसात जायची.

यातला आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम पुढचा. आग लागलेली दिसूनही जो घरमालक धावणार नाही त्याला बारा पण दंड, आणि भाड्याने राहणारा धावला नाही तर त्याला सहा पण. म्हणजे बघा, कौटिल्याच्या राज्यात शेजाऱ्याच्या आगीला धावणं हा उपकार नाही. ते देणं आहे आणि चुकवलं तर वसुली आहे. पण हे देणं मालकीच्या प्रमाणात आहे. ज्याचं घर त्याच्यावर पुरतं, जो भाडेकरू त्याच्यावर निम्मं. ज्याच्याजवळ घरच नाही, त्याच्याबद्दल नियम गप्प आहे. आणि दंडाची धास्ती माणसाला घराबाहेर काढील. रांगेत कोणाशेजारी उभं करायचं, हे काही ती ठरवू शकत नाही.

दुसरं उत्तर रोमचं. रोममध्ये क्रॅसस नावाचा अतिश्रीमंत गृहस्थ होता. प्लुटार्कने त्याची हकीकत दिली आहे. पाचशेहून अधिक बांधकाम जाणणारे गुलाम त्याने बाळगले होते. कुठे आग लागली की जळते घर आणि त्याच्या लगतची घरे घाबरलेल्या मालकांकडून कवडीमोलाने विकत घ्यायची, हा त्याचा व्यवहार. त्यानंतर एग्नाशियस रूफस नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या गुलामांचे आग विझवणारे पथक काढले. लोक खूश झाले, त्याला वरचे पद मिळाले, महत्त्वाकांक्षा वाढली आणि शेवटी कटाच्या आरोपावरून त्याला देहान्ताची शिक्षा झाली. सम्राट ऑगस्टसने यातून धडा घेतला. आग विझवून लोकप्रिय होण्याची संधी दुसऱ्या कोणाला मिळता कामा नये! इसवी सन ६ मध्ये त्याने 'विजिलेस' नावाचे सरकारी दल उभारले. सात तुकड्या, प्रत्येकीकडे शहराचे दोन विभाग, आणि भरती मुख्यतः मुक्त केलेल्या गुलामांमधून.

हे राजधानीचं झालं. लांबच्या गावांचं काय? यावर एक पत्रव्यवहार सुदैवाने टिकला आहे. इसवी सन ११० च्या सुमारास प्लिनी हा आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा राज्यपाल होता. तिथल्या निकोमिडिया शहरात, म्हणजे आजच्या इझ्मितमध्ये, मोठी आग लागली. पुष्कळ घरे आणि दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की वारा तर होताच, पण लोकही हात बांधून बघत उभे राहिले. गावात पंप नाही, बादली नाही, कसलेच साधन नाही. तेव्हा दीडशे कारागिरांची आग विझवणारी मंडळी स्थापन करू का? एवढ्या थोड्या माणसांवर नजर ठेवणे अवघड नाही, असे आश्वासनही तो देतो.

ट्राजनचे उत्तर थोडक्यात असे: नको. त्या प्रांतात अशाच मंडळींमुळे गोंधळ झालेले आहेत. नाव काहीही द्या आणि कारण काहीही सांगा, माणसे एकत्र जमली की थोड्याच दिवसांत त्यांचा राजकीय गट होतो. त्यापेक्षा साधने आणून ठेवा, घरमालकांना वापरायला सांगा आणि गरज पडली तर जमलेल्या गर्दीची मदत घ्या.

हे पत्र आम्ही वर्गात पुष्कळदा चर्चेला घेतलं आहे. मुलं ट्राजनला हसायची. हसू नये. साधनं द्यायची पण संघटना होऊ द्यायची नाही, हे धोरण आजही आपल्या ओळखीचं आहे. शाळेच्या व्हरांड्यात लाल नळकांडं टांगलेलं असतं. त्याची मुदत कधी संपली ते कोणाला माहीत नसतं आणि खिळी कशी ओढायची ते शिपायालाही माहीत नसतं. साधन आपोआप आग विझवत नाही. ते दर महिन्याला तपासणारं कोणी लागतं. एकानं नळी धरली की दुसऱ्यानं काय करायचं, याची सवय लागते. आणि सवय लागायची तर माणसं वारंवार एकत्र जमावी लागतात. ट्राजनला नेमकी त्याचीच भीती होती.

तिसरं उत्तर अमेरिकेतलं. ७ डिसेंबर १७३६ रोजी बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात आपल्या परिचितांसह 'युनियन फायर कंपनी' काढली. नावात कंपनी असली तरी ही व्यापारी कंपनी नव्हे. आपण मंडळ म्हणू. सभासद फक्त तीस. प्रत्येकाने कातडी बादल्या आणि सामान भरून बाहेर काढण्यासाठी मजबूत पिशव्या नेहमी तयार ठेवायच्या. महिन्यातून एकदा जमायचे, आगीबद्दल बोलायचे. गैरहजर राहिला तर दंड. दंडाच्या पैशांतून पुढे पंप, शिड्या, आकडे घेतले. पुष्कळ लोक सभासद व्हायला आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही तुमचे वेगळे मंडळ काढा. अशी एकामागून एक मंडळे निघाली. कौटिल्याचा दंड इथेही आहे, पण तो राजाने लावलेला नाही. लोकांनी आपण होऊन स्वतःला लावून घेतला आहे. स्वयंसेवा या शब्दाचा खरा अर्थ हा आहे. मनाला येईल तेव्हा जाणं म्हणजे स्वयंसेवा नव्हे. एकदा स्वखुशीने बांधून घेतलं की मग चुकवायचं नाही.

पण शंभर वर्षांत ट्राजनची भीतीही खरी ठरली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत या मंडळांचे आखाडे झाले. आगीपाशी आधी कोण पोहोचले यावरून रस्त्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. न्यूयॉर्कच्या राजकारणात भ्रष्टाचारासाठी गाजलेला विल्यम ट्वीड अशाच एका मंडळाचा म्होरक्या म्हणून पुढे आला होता. सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये, न्यूयॉर्कने १८६५ मध्ये आणि खुद्द फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये पगारी दले उभारली. खेड्यांत मात्र स्वयंसेवकच राहिले. आजही अमेरिकेतले सुमारे दोनतृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत.

फिलाडेल्फियाच्या इतिहासात एक छोटी नोंद आहे. १८१८ मध्ये तिथल्या मुक्त कृष्णवर्णीय तरुणांनी स्वतःचे आग विझवणारे मंडळ काढले. गोऱ्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन विरोध केला आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. घर जळत असताना पाणी कोणाच्या हातचे आहे, हा प्रश्न केवळ आमच्या आजोबांनाच पडला असे नव्हे.

चौथं उत्तर जर्मनीचं. खेड्याच्या दृष्टीने ते आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतं आणि सर्वांत भयंकरही. फेब्रुवारी १८४७ मध्ये कार्ल्सरूह शहरातले राजनाट्यगृह जळाले, साठहून अधिक प्रेक्षक मरण पावले. त्या वेळी शेजारच्या डुर्लाख या छोट्या गावाहून आदल्याच वर्षी कवायत शिकून तयार झालेले स्वयंसेवकांचे पथक आले आणि त्यांच्या शिस्तबद्ध कामामुळे आग पसरली नाही. त्या उदाहरणाने स्वयंसेवी दलांची चळवळ जर्मन गावागावांत पसरली. आज तिथे सुमारे दहा लाख स्त्री-पुरुष अशा दलांत आहेत. पगारी दले मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. खेड्यांचा सगळा भार स्वयंसेवकांवर.

पण नुसत्या उत्साहावर हे चाललेलं नाही. तिथल्या कायद्याने आग विझवण्याची जबाबदारी गावाच्या स्थानिक संस्थेवर टाकली आहे. बंब, पोशाख, प्रशिक्षण हे सगळं तिनं द्यायचं. भोंगा वाजला आणि स्वयंसेवक कामावरून उठून गेला, तर मालकाने त्याला सोडले पाहिजे, त्याचा पगार कापता येत नाही. मालकाचे नुकसान स्थानिक संस्था भरून देते. जखमी झाला तर विमा आहे. आणि एखाद्या गावात स्वयंसेवक पुरेसे मिळालेच नाहीत, तर नागरिकांना सक्तीने भरती करण्याचा अधिकार आहे. कौटिल्याची सक्ती, ट्राजनची साधने आणि फ्रँकलिनची संघटना, तिन्ही एका ठिकाणी आली. आम्ही हे प्रथम वाचलं तेव्हा वाटलं, सुटला प्रश्न!

मग नोव्हेंबर १९३८ आठवतो. ९ आणि १० तारखेच्या दरम्यानच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे पेटवण्यात आली. बंब आले, जवान आले, नळ्या जोडल्या गेल्या. पण ठिकठिकाणी त्यांनी पाणी मारले ते शेजारच्या घरांवर, आग तिकडे पसरू नये म्हणून. प्रार्थनास्थळ समोर जळत राहिले. तसा हुकूम होता. साधन होते, शिक्षण होते, संघटना होती, कायदा होता. फक्त समोरची आग आपल्या शेजाऱ्याची आहे, एवढेच मान्य नव्हते.

मंडळी, इथं थोडं थांबून आपल्याकडे बघू. आग लागते तशी ती लावलीही जाते. १९६८ च्या डिसेंबरात तमिळनाडूतल्या किळवेण्मणी गावी ४४ दलित स्त्रिया, मुले आणि माणसे एका झोपडीत जाळली गेली. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून आपल्या महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांत घरे जाळली गेली. अशा वेळी गावातल्या रांगा कुठं होत्या, घागरी कुठं होत्या, हा प्रश्न आम्ही तुमच्यासमोर ठेवतो.

म्हणून १४ एप्रिलच्या दुसऱ्या आठवणीकडे वळतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. तो हक्काचा आणि माणुसकीचा लढा होता, हे आपण शाळेत शिकतो. आम्ही त्यात आमच्यापुरती एक भर घालतो. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा नसेल, तर त्या गावाला आग विझवता येत नाही. हातोहात बादली जायची, तर हाताला हात लागणारच. पुढे घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरच्याच राहतील. स्वातंत्र्य आणि समता यांवर आम्ही शेकडो तास व्याख्यानं दिली. बंधुतेवर काय बोलावं हे सुचत नसे, तो शब्द गोडगोड वाटे. आता वाटतं, बंधुतेची परीक्षा अगदी साधी आहे. पाण्याची रांग नीट लागते का, ते बघा.

आता आजचा कायदा काय म्हणतो, ते पाहू. १९९२ साली घटनेत ७३वी आणि ७४वी दुरुस्ती झाली. एक पंचायतींसाठी, दुसरी नगरपालिकांसाठी. नगरपालिकांना द्यायच्या विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे. त्यात सातवा विषय अग्निशमन सेवा. पंचायतींची यादी अकराव्या अनुसूचीत आहे, एकूण २९ विषय. शेती आहे, पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, वाचनालये आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. आग नाही. म्हणजे आग शहरात लागते, खेड्यात लागत नाही, असं समजायचं!

मग खेड्यात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. लोंबकळणाऱ्या तारांची ठिणगी पडून ऊस पेटतो. फोन जातो तालुक्याच्या नगरपरिषदेला, नाहीतर साखर कारखान्याला. बंब येईपर्यंत फड संपलेला असतो, आणि वर जळीत ऊस म्हणून कारखान्यात दराला कपात. यात बंबवाल्यांचा दोष नाही. पंचवीस-तीस किलोमीटर यायचं तर वेळ लागणारच.

जंगलाच्या बाबतीत मात्र कायद्याला गावकरी नेमके आठवतात. भारतीय वन अधिनियम १९२७ चं ७९वं कलम असं आहे की राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्यांना चराईचे, लाकूडफाट्याचे वगैरे हक्क आहेत, त्यांनी वणव्याची खबर दिली पाहिजे आणि तो विझवायला गेलं पाहिजे. कुचराई केली तर एक महिन्यापर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कौटिल्याचाच नियम, फक्त इंग्रजांनी लिहिलेला. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या वाड्यापाड्यांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या हिरव्या फांद्यांनी झोडपून वणवे विझवत आले, जाळरेषा काढत आले. त्यांचे जंगलावरचे हक्क मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. हक्काच्या वेळी परके, आगीच्या वेळी आपले. देणं एका बाजूचंच असलं की ते वेठ होतं.

तर आमचं म्हणणं एवढंच आहे. आगीला धावणं हे देणं आहे. पण ते देणं तेव्हाच खरं, जेव्हा दोन्ही बाजूंनी असतं. जो धावतो त्याच्या घराला आग लागली तर गाव धावलं पाहिजे. जो धावताना भाजतो त्याच्या औषधपाण्याची सोय गावानं केली पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो. दुपारी एकाच वेळी घरातले सगळे फोन वाजले. आता पुष्कळ गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एकानं फोन केला की तोच निरोप गावभर सगळ्यांना ऐकू जातो. चोर आला, बिबट्या दिसला, आग लागली, सगळ्याला तीच. ओढ्याकडेचा ऊस पेटला होता. पोरं मोटरसायकलवर निघाली. कोणी द्राक्षबागेला फवारायचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर पाण्यानं भरून नेला, कोणी मधल्या सऱ्यांतला ऊस तोडून पट्टा मोकळा करायला लागला. पाण्याचा टँकर घेऊन जो मुलगा आला, तो त्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. ज्यांच्या हातात तेव्हा मातीच्या पाट्या होत्या, त्यांच्यापैकी एकाचा नातू. त्यानं आमच्या पुतण्याला विचारलं, "दादा, टँकर भरायचा कुठनं?" पुतण्या म्हणाला, "आमच्या हिरीवरनं भर की. मोटर चालूच हाय."

निम्मा फड वाचला. आम्ही बांधावर उभं राहून बघत होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दुसरं काम कोणी देत नाही. तेवढ्यात त्या मुलाच्या हाताकडं लक्ष गेलं. कोपरापर्यंत भाजला होता. आम्ही विचारलं, "बाळा, दवाखान्याचं कसं?" म्हणाला, "बघू की. पैसं जमवून जाईन." फड ज्याचा, त्याला उसाचे पैसे कपात होऊन का होईना मिळणार होते. ह्याच्या हाताचं काय, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. पुतण्यानं आणि त्या शेतकऱ्यानं दवाखान्याचा खर्च केला, पण तो चांगुलपणा झाला. पुढच्या वेळी तो असेलच असं नाही. पाण्यापर्यंत आपण साठ वर्षांत पोहोचलो, अजून हातापर्यंत पोहोचलो नाही.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा असते. ज्यांचं गाव आहे, त्यांना आमची विनंती आहे की तिथं उठून चारच प्रश्न विचारा. आग लागली तर धावणाऱ्यांची यादी आहे का, आणि त्यात सगळ्या वस्त्यांची नावं आहेत का? साधनं काय आहेत आणि दर महिन्याला ती तपासतो कोण? धावणाऱ्यांचा अपघात विमा काढायला किती पैसे लागतील आणि ते कुठून आणायचे? आणि गावातल्या सर्वांत टोकाच्या वस्तीपर्यंत टँकर जाईल असा रस्ता आहे का? अकराव्या अनुसूचीत आगीचा विषय नाही, हे खरं. पण ग्रामसभेत प्रश्न विचारायला कोणतीही अनुसूची आडवी येत नाही.

आमचे आजोबा वाईट माणूस नव्हते. बैल गेला तेव्हा ते रात्रभर जेवले नाहीत. तो का गेला, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि आम्ही सांगण्याइतके मोठे झालो तेव्हा ते नव्हते. म्हणून ते आज तुम्हाला सांगितलं.